दोर तुटला तर?

दोर तुटतो, हे संगमेश्वरात कोणास शिकवावे लागत नाही. शास्त्री आणि सोनवी ह्या नद्यांच्या संगमावर वसलेल्या आमच्या गावात पावसाळ्यात पाणी दाराशी येते आणि वैशाखात ते विहिरीच्या तळाशी जाते. तळाचे पाणी वर आणावयाचे तर रहाट हवा, दोर हवा, आणि झिजत जाणाऱ्या दोराकडे लक्ष ठेवणारा डोळाही हवा. सुंभाचा दोर सहसा एकाएकी तुटत नाही. आधी एक पेड सुटतो, मग दुसरा विरतो. जुन्या बायका पोहरा सोडण्याआधी दोर तळहातातून सरकवून पाहत. तरीही एखादा दिवस असा यावयाचा की दोर मध्येच तुटे, घागर तळ गाठी, आणि शेजारच्या घरून गळ मागून आणावयास पोराला पिटाळले जाई. घागर गळ टाकून काढता येते. माणूस पडला तर?

आमच्या आईने हा प्रश्न आम्हांस विचारला तो मुंबईत. गुडघ्यांनी दगा दिल्यावर आम्ही तिला धाकट्या भावाच्या घरी बोरिवलीस नेले. घर पाचव्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट, चर्च रस्त्यापलीकडे. सर्व सोयीचे होते. परंतु आई लिफ्टमध्ये पाऊल टाकीना. "दोर तुटला तर?" एवढेच ती म्हणे, आणि प्रत्येक मजल्यावर थांबत, कठड्याला धरून जिना चढे. पुढे रोजची मिस्सा सुटली. मग रविवारचीही सुटली, आणि फादर महिन्यातून एकदा कम्युनियन घेऊन घरी येऊ लागले. चर्चची घंटा पाचव्या मजल्यावर स्पष्ट ऐकू येई. नातवंडे आजीला हसत. आम्हांस हसू आले नाही. साठ वर्षे ज्या हातांनी दोर ओढला त्या हातांचा तो प्रश्न होता. "देव आहे ना" असे म्हणून त्याची बोळवण करणे हा त्या प्रश्नाचाही अपमान झाला असता आणि देवाचाही.

गंमत अशी की, लिफ्ट माणसांच्या उपयोगाची झाली ती नेमका हाच प्रश्न एका कारागिराने मनावर घेतला म्हणून. दोराने ओझे वर चढवण्याची युक्ती फार जुनी आहे. परंतु त्या फळीवर माणसे उभी राहावयास धजत नसत. अमेरिकेतील एलिशा ओटिस ह्या गृहस्थाने १८५४ साली न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेस प्रदर्शनात स्वतः एका उंच फळीवर उभे राहून, जमलेल्या लोकांसमक्ष ती फळी धरून ठेवणारा दोर तोडावयास लावला. फळी किंचित खाली आली आणि थांबली. त्याने दोर अधिक मजबूत केलेला नव्हता. दोराचा ताण आहे तोवर वाकलेली राहणारी एक स्प्रिंग त्याने वर बसवली होती. ताण गेला की ती सरळ होई आणि तिची टोके दोन्ही बाजूंच्या दातेरी पट्ट्यांत अडकत. पुढे १८५७ साली त्याच शहरातील एका पाच मजली दुकानात त्याची प्रवासी लिफ्ट सुरू झाली. आपल्याकडे १९०३ साली मुंबईचे ताजमहाल हॉटेल उघडले तेव्हा त्यात जर्मनीहून आणलेल्या लिफ्ट होत्या.

ओटिसची खरी थोरवी आम्हांस त्या स्प्रिंगपेक्षा त्याच्या विचारात दिसते. "माझा दोर तुटणार नाही" असे तो म्हणाला नाही. "दोर तुटेल, मग पुढे काय?" असे त्याने स्वतःस विचारले. ह्याला नम्रता म्हणावयाचे. आपली कृती चुकू शकते हे आधीच मान्य करून तिच्याखाली दुसरा हात धरावयाचा. आजच्या लिफ्टमधील रक्षणाचे सारे भाग ह्याच वृत्तीतून जन्मले आहेत.

सरकारी कागदांत जिला उद्वाहन म्हणतात त्या लिफ्टची केबिन एका दोरावर लोंबत नाही. पोलादी तारांचे अनेक दोर तिला जोडलेले असतात, आणि त्या सर्वांची मिळून ताकद सामान्यतः पूर्ण भाराच्या दहा ते बारापट ठेवतात. दोरांच्या दुसऱ्या टोकाला वजन असते. हे कोकणातील माणसास चटकन कळावे. विहिरीवरच्या लाटेला आडव्या वाशाच्या एका टोकाशी पोहरा आणि दुसऱ्या टोकाशी दगड बांधतात, म्हणून भरलेला पोहरा हलका वाटतो. लिफ्टचे वजनही तोच दगड आहे. ते रिकाम्या केबिनच्या वजनाहून अधिक, म्हणजे केबिन अधिक सुमारे निम्मी माणसे, एवढे ठेवलेले असते. त्यामुळे एकटा माणूस आत असताना रोधकाने दगा दिला तर लिफ्ट खाली न जाता वर ओढली जाईल! म्हणूनच नव्या यंत्रांत वरच्या दिशेची अनावर धाव रोखण्याचीही तजवीज असते.

हा रोधक, म्हणजे ब्रेक, समजून घेण्याजोगा आहे. सायकलचा ब्रेक आपण दाबला म्हणजे लागतो. लिफ्टचा ब्रेक मात्र मुळातच लागलेला असतो. बळकट स्प्रिंगा त्याला आवळून धरतात. वीज आली की तो सुटतो, वीज गेली की आपोआप लागतो. कोकणात पावसाच्या पहिल्या सरीबरोबर वीज जाते तेव्हा लिफ्ट जेथल्या तेथे उभी राहते. आतला माणूस घाबरतो. पण ते थांबणे म्हणजेच रक्षण होय. अनेक इमारतींत आता बॅटरीवर चालणारे साधन बसवतात. वीज गेल्यावर ते केबिनला जवळच्या मजल्यावर नेऊन दार उघडते.

आणि दोरच तुटले तर? त्यासाठी एक वेगळा, बारीक दोर असतो. तो केबिनला ओढत नाही, केवळ तिच्याबरोबर फिरतो आणि वरच्या एका लहान चाकाला फिरवतो. कारागीर त्याला गव्हर्नर म्हणतात. ह्या चाकात वजनाचे तुकडे बसवलेले असतात. वेग ठरलेल्या मर्यादेपलीकडे वाढू लागला की ते बाहेरच्या बाजूस फेकले जातात. चाक आधी विजेचा प्रवाह तोडते, आणि एवढ्याने भागले नाही तर त्या बारीक दोरास घट्ट पकडते. केबिन खाली येत राहते, दोर मात्र जागचा हलत नाही. त्यामुळे केबिनखालची एक दांडी ओढली जाते आणि पाचरी दोन्ही बाजूंच्या पोलादी रुळांना चावतात. केबिनचे स्वतःचे वजनच त्या पाचरींना अधिक घट्ट बसवते. सावकाश चालणाऱ्या लिफ्टमध्ये ही पकड एकदम बसते. वेगवान लिफ्टमध्ये ती घासत घासत बसते, नाहीतर हिसक्यानेच आतल्या माणसांना इजा व्हावयाची. ह्या सर्वांच्या खाली, खड्ड्यात, स्प्रिंगचे किंवा तेलाचे बफर असतात. तळाशी आलेल्या केबिनला ते झेलून घेतात.

ह्यांतील बहुतेक भागांना वर्षानुवर्षे काम पडत नाही. पाचरी रुळांपासून किंचित अंतरावर नुसत्या थांबलेल्या असतात. कोणी त्यांना पाहत नाही, कोणी त्यांचे आभार मानीत नाही. आमच्या घरातील कित्येक थोरली माणसे अशीच असतात.

एवढे सारे असूनही कधी काही घडत नाही, असे आम्ही म्हणणार नाही. २८ जुलै १९४५ रोजी, शनिवारी सकाळी, दाट धुक्यात एक लष्करी विमान न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीच्या एकोणऐंशीव्या मजल्याच्या आसपास आदळले. त्या मजल्यावर अमेरिकेतील कॅथलिक धर्माध्यक्षांच्या युद्धसाहाय्य संस्थेची कचेरी होती. पुढे कॅथलिक रिलीफ सर्व्हिसेस ह्या नावाने भारतातही परिचित झालेली ती हीच संस्था. विमानातील तिघे आणि इमारतीतील अकरा जण मृत्यू पावले. त्यांत बहुतेक ह्या कचेरीत काम करणारे होते. बेटी लू ऑलिव्हर नावाची वीस वर्षांची तरुणी तेथे लिफ्ट चालवीत असे. ती असलेल्या लिफ्टचे दोर त्या दुर्घटनेत तुटले आणि केबिन पंचाहत्तर मजले खाली, तळघरापर्यंत कोसळली. गव्हर्नरचा दोरही तुटला होता, म्हणून पाचरींची पकड बसू शकली नाही. तरीही ती वाचली. तुटलेले दोर खाली वेटोळे होऊन पडले होते, त्यांची गादी झाली. आणि अरुंद कूपात केबिनखाली कोंडलेल्या हवेने पडण्याचा जोर कमी केला, असे सांगतात. तिला गंभीर दुखापती झाल्या. पण पुढे ती अनेक वर्षे जगली. दोर तुटून केबिन कोसळण्यास विमान आदळावे लागले, हे ध्यानी घेण्यासारखे आहे.

मग लिफ्टचा धोका नाहीच काय? आहे; पण तो आईला वाटे तेथे नाही. तो दाराशी आहे. माणसे केबिनसह क्वचितच पडतात. ती केबिन नसलेल्या कूपात पडतात. दार उघडते, आत अंधार असतो, बोलण्याच्या नादात पाऊल पुढे पडते, आणि केबिन दुसऱ्याच मजल्यावर असते. जुन्या जाळीच्या दरवाज्यांतून लहान मुलांचे हात-पाय बाहेर जातात. हे होऊ नये म्हणून प्रत्येक मजल्याच्या दाराला विशेष कुलूप असते. केबिन त्या मजल्याशी नसेल तर दार उघडत नाही, आणि कोणतेही एक दार नीट बंद नसेल तर लिफ्ट हलत नाही. नव्या दारांत न दिसणाऱ्या किरणांचा पडदा असतो. त्यात हात आला की मिटणारे दार मागे फिरते.

बोरिवलीच्या त्या इमारतीत तिसऱ्या मजल्याच्या दाराचे कुलूप झिजले होते. त्यामुळे लिफ्ट वारंवार अडे. नाताळ तोंडावर आला होता, पाहुणे यावयाचे होते, आणि नवे कुलूप मिळण्यास आठ दिवस लागणार होते. दुरुस्तीस आलेल्यांपैकी एकाने सुचवले की, त्या कुलपाचा विजेचा संपर्क तूर्त तारेने जोडून टाकू, म्हणजे लिफ्ट अडणार नाही. सोसायटीच्या बैठकीत पुष्कळांनी माना डोलावल्या. आम्ही पाहुणे म्हणून मागे बसलो होतो. तेव्हा देवरूखकडचे एक वृद्ध गृहस्थ उठले. मुंबईतील एका कचेरीत त्यांनी तीस वर्षे लिफ्टमनची नोकरी केली होती. आमच्या तालुक्यातून पोटासाठी मुंबईस गेलेल्या असंख्य चाकरमान्यांपैकी ते एक. ते म्हणाले, "दार उघडे असताना ती हलत नाही, म्हणून आपण तिला बिघडलेली म्हणतो. ती बिघडलेली नाही, ती शहाणी आहे. तिला वेडी करू नका." कोणी तरी म्हणाले, "काका, आठ दिवसांचाच तर प्रश्न आहे." ते म्हणाले, "पोर पडावयास आठ दिवस लागत नाहीत."

लिफ्ट बंद ठेवण्यात आली. नाताळच्या रात्री मिस्साहून परतताना सारी इमारत धापा टाकीत जिना चढली, आणि काकांच्या नावाने थोडी कुरकुरही झाली. पुढे कुलूप बदलल्यावर हेच काका आईकडे आले. एकाच तालुक्याची माणसे. विहिरीचे आणि लाटेचे बोलणे निघावयास वेळ लागला नाही. आईने आपला प्रश्न त्यांना विचारला. त्यांनी तिला दगड समजावून सांगितला, बारीक दोर सांगितला, पाचरी सांगितल्या. तिने सारे ऐकून घेतले आणि विचारले, "आणि हे सगळं तपासतं कोण?" काका म्हणाले, "वहिनी, दोरापेक्षा तेच विचारावं." त्यानंतरच्या रविवारी ती लिफ्टने मिस्साला गेली.

हे तपासतो कोण? मुंबई इलाख्यात लिफ्टविषयीचा कायदा १९३९ साली झाला. लिफ्ट बसवण्यास परवानगी, चालवण्यास परवाना आणि सरकारी निरीक्षकाकडून वेळोवेळी तपासणी, ही त्याची चौकट होती. पुढे महाराष्ट्राने २०१७च्या नव्या कायद्याने सरकते जिने आणि सरकत्या वाटाही त्यात आणल्या. पण निरीक्षक रोज येऊन उभा राहू शकत नाही. मधल्या सर्व दिवसांचे निरीक्षक आपणच असतो. कोकणात तर हे काम अधिक काळजीचे आहे. आमच्या पावसाने लिफ्टच्या खड्ड्यात पाणी साचते, दमट हवेने बफरला आणि पाचरींना गंज चढतो. ज्या भागांना वर्षानुवर्षे काम पडत नाही ते गंजून बसले, तर ज्या एका दिवशी त्यांची गरज पडेल त्या दिवशी ते हलणार नाहीत. आता रत्नागिरीत, देवरूखातही इमारतींचे मजले वाढत आहेत. विहिरीचा दोर पाहणारा डोळा नव्या घरांत शिरताना आपण दाराबाहेर ठेवून जाऊ नये.

पवित्र शास्त्रात, अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात, एक लहानसे वचन आहे. प्रवचनात ते क्वचितच ऐकू येते. नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा करावा, नाहीतर कोणी तेथून पडल्यास त्या रक्ताचा दोष घरावर येईल, असा त्याचा आशय आहे. परमेश्वराच्या नियमशास्त्रात देवळाच्या आणि बलिदानाच्या आज्ञांबरोबर गच्चीच्या कठड्याचीही आज्ञा यावी, हे आम्हांस फार मोठे वाटते. पडणाऱ्याने पाहून चालावयास हवे होते, असे शास्त्र तेथे म्हणत नाही. कठडा घरमालकाने करावयाचा. आज घरमालक म्हणजे सोसायटी, आणि सोसायटी म्हणजे आपण सारे. दाराचे कुलूप हा आजचा कठडा आहे. देखभालीची वर्गणी थकवणारा आणि तार जोडा म्हणणारा, दोघेही कठडा काढून घेत असतात.

विश्वासाच्या नावाने निष्काळजीपणा करणेही आपल्या धर्मात बसत नाही. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत झेलतील, असे सैतानाने सुचवले तेव्हा प्रभू येशूने देवाची परीक्षा पाहण्यास नकार दिला. लिफ्टमध्ये शिरताना क्रुसाची खूण करणे उत्तमच; पण ती खूण झिजलेल्या कुलपाची जागा घेत नाही.

लिफ्ट पाहून एका संतिणीस सुचलेला विचार येथे आठवतो. लिझ्यूच्या संत तेरेजेने १८९७ साली, मृत्यूपूर्वी काही महिने, आपल्या आत्मकथनात लिहिले आहे की, श्रीमंतांच्या घरी आता जिन्याऐवजी लिफ्ट असते. आपण पूर्णत्वाचा उंच जिना चढावयास फार लहान आहोत. तेव्हा आपल्यालाही तशी लिफ्ट हवी, आणि येशूचे बाहू हीच ती लिफ्ट. अवघ्या चोविसाव्या वर्षी वारलेल्या ह्या तरुण जोगिणीला संत जॉन पॉल दुसरे ह्यांनी १९९७ साली ख्रिस्तसभेची आचार्य म्हणून गौरवले. तिने लहान, थकलेल्या, चढू न शकणाऱ्या जिवांसाठी लिफ्ट मागितली हे विसरू नये. आपल्या इमारतींतील लिफ्टही त्यांच्यासाठीच असते. धट्टेकट्टे जिना चढू शकतात. लिफ्टवर खरा विसंबतो तो म्हातारा, आजारी, गरोदर बाई, कडेवरचे मूल. त्यांना देवाचे बाहू वाटावेत असे काही आपण उभारले असेल, तर ते विश्वासार्ह ठेवणे आपल्याकडे आहे.

म्हणून वाचकांस चार साध्या गोष्टी सुचवितो. दार उघडले की आधी खाली पाहावे, केबिन आहे ना. मग पाऊल टाकावे. मुलांना एकटे पाठवू नये, आणि मिटत्या दारात हात-पाय घालून त्याला अडवावयास शिकवू नये. लिफ्ट मध्येच थांबली तर आतच थांबावे, घंटा वाजवावी, धीर धरावा. केबिन हवाबंद नसते, जीव गुदमरत नाही. उलट दोन मजल्यांमधून उडी मारून बाहेर येताना केबिनखालच्या मोकळ्या कूपात घसरून जीव जातात. आणि सोसायटीच्या पुढच्या सभेत हिशेबाच्या आधी विचारावे: शेवटची तपासणी कधी झाली, गव्हर्नर आणि पाचरी चालवून पाहिल्या काय, खड्ड्यात पाणी आहे काय? उत्तर कागदावर मागावे, आणि ते मिळेपर्यंत खाली बसू नये.